देवाला घराचा हप्ता सांगायचा का?

एका ताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

"आम्ही कोल्हापुरातलं ख्रिस्ती कुटुंब. मी, मिस्टर, सासूबाई, बारावी सायन्सची मुलगी आणि आठवीतला मुलगा, त्याला फक्त शाळेच्या फुटबॉल टीमची पडलीय. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, सहा महिने झाले ओव्हरटाइम बंद आहे आणि फ्लॅटचे दोन हप्ते थकलेत. रोज रात्री साडेआठला घरात प्रार्थना होते, मिस्टर चालवतात. त्यात जगाची शांती येते, सरकार येतं, पाळकसाहेब येतात, चर्चच्या मंडळीतले आजारी येतात, फक्त आमच्या घरातलं काही येत नाही. पंधरा दिवसांपूर्वी मी धाडस करून मोठ्यानं म्हणाले, 'प्रभू, हप्त्याची सोय कर, ह्यांना मार्ग दाखव.' मिस्टर आमेन न म्हणता उठून गेले. नंतर म्हणाले, पोरांसमोर माझी अब्रू काढलीस. सासूबाई म्हणतात, देवाला सगळं ठाऊक असतं, असलं बारीकसारीक मागणं म्हणजे अविश्वास. मुलगी म्हणाली, मम्मी, हप्ता देवाला सांगून काय होणार, बँकेला सांग. तिनं दहावीला 90 टक्क्यांसाठी गुडघे टेकून प्रार्थना केली होती, 81 पडले, तेव्हापासून नुसती बसते. आता मी कणीक मळताना एकटीच देवाशी बोलते. रोजच्या गोष्टी देवाकडे नेणं चूक आहे का? आणि घरानं मिळून मनातलं देवाला सांगावं असं मला फार वाटतं, ते कसं करू?"

ताई, सलाम.

"कणीक मळताना एकटीच" हे तुम्ही जरा ओशाळून लिहिलंय असं मला वाटलं, म्हणजे साडेआठची ती खरी प्रार्थना आणि ओट्यापाशी होते ती आपली अशीच काहीतरी. तसं मानू नका. मी 34 वर्षं नर्सिंग केलं, ट्रेनिंग मिरजेला झालं, आणि माणसं देवाशी सगळ्यात खरं कधी बोलतात ते मी रात्रपाळीत बघितलंय. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की रात्री आम्ही दर तासाला युरिन बॅग बघायचो, तासाला निदान 30 मिली तरी यायला पाहिजे, नाही आली की डॉक्टरांना फोन. एकदा एका आजोबांची रात्रभर नीट येईना. बाहेर बाकावर त्यांची बायको बसून होती, मी दार उघडलं की उठून उभी राहायची आणि हळूच विचारायची, "सिस्टर, झाली का हो?" पहाटे चारच्या सुमाराला नळीत धार दिसली, मी बाहेर येऊन सांगितलं तर ती बाई तिथंच भिंतीला कपाळ टेकून "प्रभू, तुझे लई उपकार" म्हणत रडायला लागली. नवऱ्याला लघवी झाली म्हणून. त्या वॉर्डात कुणालाही ती प्रार्थना बारीकसारीक वाटली नाही, आणि देवाला वाटली असेल असं मी तरी मानत नाही.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, चूक नाही. सासूबाई म्हणतात ते वचनातच आहे हो, बायबलातल्या मत्तय 6 मध्ये प्रभू येशू सांगतो की तुम्ही मागायच्या आधीच तुमच्या पित्याला तुमची गरज माहीत असते. पण त्याच्या लगेच खालच्या ओळी बघा. तो असं म्हणत नाही की माहीत आहे तर मग गप्प बसा, तो म्हणतो म्हणून तुम्ही अशी प्रार्थना करा, आणि त्या प्रार्थनेत नाव, राज्य, इच्छा एवढं सगळं मोठं मोठं झालं की रोजची भाकर येते. आज लागणारी भाकर. आपल्याकडं भाकरी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, सकाळची संध्याकाळी वातड होते, परत पीठ, परत पाणी, परत थापायची. सासूबाई लहानपणापासून ही प्रार्थना म्हणत आल्यात, म्हणजे बारीकसारीक त्यापण रोज मागतातच.

आणि घराचा, कर्जाचा विषय देवापुढं पहिल्यांदा तुम्हीच काढलात असंही नाही. बायबलातलं 2 राजे, अध्याय 6 काढून बघा. अलीशा संदेष्ट्याच्या शिष्यांना राहती जागा अपुरी पडायला लागली म्हणून ते यार्देनेवर लाकडं तोडायला गेले, म्हणजे घराचंच काम. तिथं एकाच्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटून पाण्यात पडलं आणि तो ओरडला की अहो, ती तर मी मागून आणली होती! उसनी वस्तू गेली, आता मालकाला काय सांगू, एवढीच त्याची चिंता. त्यासाठी लोखंड पाण्यावर तरंगलं असं शास्त्र सांगतं. मला ही गोष्ट फार आवडते कारण त्या माणसाचं नावही लिहिलेलं नाही आणि त्याची अडचण आपल्यातल्या कुणाचीही असू शकते. चिमण्यांचंही तसंच. मत्तयमध्ये एका पैशाला दोन चिमण्या आहेत आणि लूकमध्ये दोन पैशांना पाच, हिशोबानं चार यायला पाहिजेत, म्हणजे पाचवी वर टाकलेली, लक्ष्मीपुरीत भाजी घेतली की बाई वर चार काड्या कोथिंबीर टाकते तशी. तिला भावच नाही. आणि प्रभू म्हणतो त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही.

एवढं झालं. पण ताई, तुमच्या घरातली अडचण देवाला छोटी गोष्ट चालते की नाही ही आहे असं मला वाटत नाही. आता जरा अवघड बोलते, रागावू नका.

तुमचं ते वाक्य परत वाचा. "प्रभू, हप्त्याची सोय कर, ह्यांना मार्ग दाखव." पहिला अर्धा भाग देवाला होता. दुसरा अर्धा कुणाला होता? तुम्ही मनापासूनच म्हणालात, त्यात मला शंका नाही. पण ज्या माणसाशी सहा महिने त्या विषयावर नीट बोलणं झालेलं नाही (तुमच्या पत्रात तसं बोलणं झाल्याचा एक शब्द नाही म्हणून म्हणते) त्या माणसाच्या कानावर ती गोष्ट डोळे मिटलेले असताना, आई आणि दोन पोरं शेजारी बसलेली असताना, देवाच्या नावानं पडली, आणि त्याला उत्तरही देता येईना कारण प्रार्थना मधेच कशी तोडायची. मग तो उठून गेला. मीपण हे केलंय. लग्नानंतरची काही वर्षं मला नवऱ्याला जे तोंडावर सांगायला जमायचं नाही ते मी प्रार्थनेत देवाला सांगायचे, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. एक दिवस ते म्हणाले, "तू देवाशी बोलतीयस का माझ्याशी, एकदा ठरव." मला फार लागलं ते. पण त्यानंतर मी आधी त्यांच्याशी बोलायला लागले आणि मग देवाशी, आणि देवाशी बोलतानाचा माझा आवाजच बदलला.

म्हणून पहिली गोष्ट, मिस्टरांची माफी मागा. हप्त्यासाठी प्रार्थना केली म्हणून अजिबात नाही, त्यांना न सांगता पोरांसमोर काढलं म्हणून. आणि माफीला पण-बिण जोडू नका.

त्यांच्या बाजूनं जरा बघू. फौंड्रीत उभं आयुष्य गेलेला माणूस, भट्टीपुढं आठ-आठ तास काढलेला, घर आपल्या हातांवर चालतं एवढाच त्याचा मान असतो. ओव्हरटाइम बंद झाला त्यात त्याची चूक नाही, ऑर्डरच कमी आल्या की कुणालाच मिळत नाही, पण पगार घरी आणून दिला की तो कमी आहे हे त्याला आधी दिसतं आणि आपल्याला नंतर. आता तो रोज जगाच्या शांतीसाठी प्रार्थना करतो ती खोटी आहे असं समजू नका. मला वाटतं तेवढंच एक बोलणं त्याला सध्या न मोडता जमतंय. घरातलं बोलायला गेला तर आवाज फुटेल, आणि आपल्याकडच्या पुरुषांना पोरांसमोर आवाज फुटण्याची फार भीती असते.

पावसाळ्यात आपण सगळे काय करतो बघा, सकाळी उठलं की आधी मोबाइलवर पंचगंगेची पातळी, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं, आणि 2019 नंतर तर 30-32 फुटांनाच लोक गाड्या वर काढून लावतात. नदीचा आकडा आपण तासातासाला एकमेकांना सांगतो. पण घरातल्या माणसाच्या मनात पाणी किती चढलंय ते कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही, एकदम 43 च्या वर गेल्यावरच कळतं, तेही दार आपटून. तुमच्या घरात सध्या हेच चाललंय, आणि फक्त मिस्टरांचं नाही. सासूबाईंच्या मनात काहीतरी आहे, पोरीच्या मनात तर आहेच, तुमचं तुम्ही कणकेला सांगताय. चौघं चार ठिकाणी. अशा घरात मोठ्यानं प्रार्थना सुरू केली तर ती अवघड जाणारच, कारण देवाला सांगताना ते बाकीच्यांनाही ऐकू जातं.

पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं काय केलं ते मला ह्या बाबतीत फार महत्त्वाचं वाटतं. तो लगेच गुडघे टेकायला गेला नाही. आधी तिघा मित्रांना म्हणाला की माझा जीव फार कासावीस झालाय, तुम्ही माझ्याजवळ जागे राहा. मग थोडा पुढं गेला आणि पित्याशी बोलला, आणि तिथंही सरळ मागितलं की शक्य असेल तर हे टळू दे, तीनदा. देवाच्या पुत्राला आपली अवस्था माणसांना सांगण्यात कमीपणा वाटला नाही, हे कधीतरी मिस्टरांना सांगा. उपदेश म्हणून नको, चहा पिताना सहज.

आता करायचं काय. तीन वाटा मला दिसतात. एक, आहे तसं चालू द्यायचं, साडेआठची प्रार्थना त्यांची, ओट्यापाशी तुमची. ह्यात भांडण नाही, पण तुमचा जीव घुसमटतोय आणि पोरं शिकतायत की देवाला सांगायच्या गोष्टी वेगळ्या आणि खऱ्या गोष्टी वेगळ्या. दोन, उद्यापासून सगळी प्रार्थनाच बदलायची, प्रत्येकानं मनातलं सांगायचं असा नियम करायचा. हे कृपा करून करू नका, आठ दिवसांत मोडेल आणि मग तो विषयच बंद होईल. मला तिसरी वाट बरी वाटते, ती हळू आहे. साडेआठच्या प्रार्थनेला हात लावू नका, ती मिस्टरांची आहे, सासूबाईंना तिचा आधार आहे, जगासाठी आणि आजाऱ्यांसाठी रोज प्रार्थना करणारं घर म्हणजे साधी गोष्ट नाही. सुरुवात दोघांपासून करा. पोरं झोपल्यावर, टीव्ही बंद, बँकेचं पासबुक, आलेले मेसेज, काही कागद असेल तो, सगळं टेबलावर काढून ठेवा. हिज्कीया राजाला अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं तेव्हा तो ते घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढं पसरून ठेवलं, 2 राजे 19. आधी वाचलं, मग पसरलं. तुम्हीपण आधी वाचा. किती थकलंय, पुढचा हप्ता कधी, घरात किती येतं. हे होईपर्यंत प्रार्थनेचं नावही काढू नका. आकडे स्पष्ट झाले की मग कागदांवर हात ठेवून एक वाक्य म्हणा, "प्रभू, हे असं आहे." बास. मिस्टर काही बोलले नाहीत तरी चालेल. त्यांना बोलायला लावू नका.

भाषेचंही एक सांगते. आपल्याकडं "हे परमकृपाळू सर्वसमर्थ पित्या" असं सुरू झालं की पुढं हप्ता म्हणायला जीभच वळत नाही, ती भाषाच तशी आहे. चर्चमध्ये ती शोभते, मला स्वतःला आवडते. पण कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलंय, आणि आईशी आपण व्याकरण सांभाळून बोलत नाही. "देवा, लई टेन्शन आलंय" हीसुद्धा पुरी प्रार्थना आहे.

सासूबाईंकडं येते. त्यांच्याशी वचनांची लढाई करू नका, वर मी मत्तय 6 सांगितलं ते तुमच्यासाठी, त्यांच्या तोंडावर मारण्यासाठी नाही. त्यांच्या पिढीला एक भीती असते, मला माझ्या आईवरून माहीत आहे, की मागणं हे नवसासारखं होईल, तू हे दे मग मी ते देईन. त्यांना तसा व्यवहार देवाशी नको असतो आणि त्यात त्यांचं चुकत नाही. एक करा, एखाद्या दुपारी भाजी निवडताना त्यांना विचारा की आई, हे लहान असताना तुमच्या घरात कधी अडचण आली तर तुम्ही देवाला काय म्हणायचा? माझा अंदाज आहे की त्या सांगतील. रेशन संपलेलं, पोराला ताप आलेला, फी राहिलेली, काहीतरी निघेल. ते त्यांनी कधी मोठ्यानं म्हटलं नसेल, पण म्हटलेलं असणार. आणि त्या जे सांगतील ते नातवंडांसमोर परत एकदा सांगायला लावा.

मुलीबद्दल लिहिताना मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला.

ती म्हणाली बँकेला सांग, तर ती बरोबरच म्हणाली, तिला तसं सांगा. मिरजेला डॉ. वानलेसनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उघडलं, ते प्रार्थना करणारे लोक होते आणि त्यांनी ऑपरेशन थिएटर बांधलं. आम्हाला शिकवलं गेलं ते असंच, हात जोडायचे आणि मग हात धुऊन कामाला लागायचं. तेव्हा बँकेत जायचंच आहे, आणि लवकर. हप्ता थकून 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं आणि मग सगळं अवघड होत जातं, तुमचे दोनच थकलेत म्हणजे अजून वेळ आहे. दोघांनी जा, पगाराच्या स्लिपा घेऊन जा, मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, काही महिन्यांची सवलत मिळते का हे विचारा. ते हो म्हणतीलच असं नाही, पण तोंड लपवणाऱ्यापेक्षा समोर येऊन बसणाऱ्याशी बँक बरी वागते हा माझा अनुभव आहे.

पण तिच्या त्या वाक्याखाली दुसरं काहीतरी आहे, ते 81 टक्के. एवढीशी पोर गुडघ्यावर बसली, मागितलं, आणि मिळालं नाही. तिला त्यावर घरात काय सांगितलं गेलं? तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक घरांत सांगतात की देवाची योजना वेगळी असेल, किंवा तुझा विश्वास कमी पडला, किंवा 81 काय वाईट आहेत गं. ह्यातलं काही बोललं गेलं असेल तर आता परत बोलू नका, आणि विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं असेल तर ते चूक होतं एवढं तिला स्पष्ट सांगा. मी रविवारच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलंय, आम्हीच पोरांना शिकवतो की मागा म्हणजे मिळेल, आणि प्रेषित पौलानं तीनदा मागूनही त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही हे शिकवायचं राहून जातं. स्तोत्र 13 ची सुरुवातच अशी आहे की देवा, मला किती दिवस विसरणार आहेस. ही तक्रार पवित्र शास्त्रात आहे, आपण ती उपासनेत वाचतो. तुमच्या मुलीला तक्रार करायची मुभा द्या. तिला विचारा, त्या दिवशी रिझल्ट बघितल्यावर तुला देवाबद्दल काय वाटलं? आणि मग मधे बोलू नका. कितीही वाईट बोलली तरी. ती अजून रोज साडेआठला येऊन बसते, मोबाइल घेऊन खोलीत जात नाही, हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात आशेचं वाक्य वाटलं. तिला आमेन म्हणायला लावू नका. बोर्डाची परीक्षा आणि पुढं सीईटी आहे, तिच्यासाठी प्रार्थना करायची असेल तर तिला विचारून करा, "तुझ्यासाठी काय मागू?" असं. ती म्हणाली मार्क नको, फक्त रात्री झोप लागू दे, तर तेवढंच मागा. आपली इच्छा तिच्या नावावर घुसडू नका.

मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, की त्याला शाळेच्या फुटबॉल टीमची पडलीय. अहो, कोल्हापुरातलं पोरगं, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्ख्या पेठा उठून जातात, त्याला पडणारच. काळजी सांगायला आपण एक वेळ तयार होतो, आशा सांगायला जास्त लाजतो, कारण ती पुरी नाही झाली तर लोकांना कळतं. म्हणून आशेपासून सुरुवात करायला हे पोर सगळ्यात सोपं आहे. "प्रभू, त्याला टीममध्ये यायचंय, ते तुला माहीत असावं म्हणून सांगतोय." समोरच्या टीमचं पोरगंही तेच मागत असणार, हा प्रश्न तो स्वतःच काढेल बघा, आठवीतली पोरं काढतात. तेव्हा खरंखरं सांगा की हो, आणि देव दोघांचं ऐकतो, आणि निवड एकाचीच होते, आणि आपण तरीही सांगतो कारण मनातलं सांगायला आपल्याला बाप आहे.

मग पोरांना हप्त्याचं सांगायचं का? मिस्टर नको म्हणतात. मला वाटतं थोडं सांगावं, आणि ते मिस्टरांनी सांगावं, त्यांच्या शब्दांत, त्यांना जमेल तेव्हा. पोरांना तसंही कळलेलं असतं, दार आपटलं की कळतंच, आणि न सांगितलं की ती मनात दुप्पट करून घेतात. 2 राजे 4 मध्ये ती विधवा आहे ना, सावकार तिच्या दोन पोरांना न्यायला टपलेला, तिनं अलीशाच्या सांगण्यावरून शेजाऱ्यांकडून भांडी मागून आणली आणि दार लावून आत ते न सरणारं तेल ओतायला लागली तेव्हा भांडी हातात देत होती ती पोरंच. कर्जाच्या गोष्टीत पोरं होती, पण त्यांचं काम भांडी देण्याएवढं होतं. तुमच्या मुलीला पगार कमी येतोय, आम्ही बँकेशी बोलतोय, तू अभ्यास कर, एवढं पुरे. रक्कम सांगायची गरज नाही आणि "आता सगळं तुझ्यावर आहे" हे तर कधीच म्हणू नका.

एक महिनाभर दोघांचं जमलं की मग साडेआठच्या प्रार्थनेच्या शेवटी दोन मिनिटं वाढवा. कुणाला काही सांगायचं असेल तर एक वाक्य, नसेल तर गप्प. उपासना संगीतातलं एखादं गीत झालं की शांतता जरा सोपी जाते. एक छोटी वही ठेवा, माझ्या आईची होती, चाळीस पानी, त्यात तारीख आणि एकेका ओळीत गोष्टी, "म्हशीला ताप", "पावसाची वाट बघतोय", आणि समोर कधी काय झालं ते. काही ओळींपुढं शेवटपर्यंत कोरंच राहिलंय. ती वही माझ्याकडं आहे, कोऱ्या जागाही तशाच आहेत, आणि मला त्या कोऱ्या जागांमुळंच ती खरी वाटते.

एक नियम मात्र कडक ठेवा. घरातल्या प्रार्थनेत जे बोललं गेलं ते घरातच राहील. महिला संघात "प्रार्थना विनंती" म्हणून जाणार नाही, मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच. आपल्याकडं हे फार होतं. एका बहिणीनं मला विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी अशीच चांगल्या हेतूनं प्रार्थनेला म्हणून दिली होती, चार दिवसांत ती तिच्या सासरी पोचली, आणि ती परत माझ्याशी कधी मोकळं बोलली नाही. मिस्टरांना ही खात्री तुमच्याकडून पाहिजे, त्याशिवाय ते तोंड उघडणार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही उघडलं नसतं. बाहेरच्या कुणाला सांगायचंच असेल तर त्यांना विचारून, पाळकसाहेबांना किंवा एखाद्या जवळच्या जोडप्याला.

असंच पत्र आणखी काही जणींनी पाठवलंय म्हणून त्यांच्यासाठीही एक. घरातला माणूस आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, दारू वाढली असेल, तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. मारहाण होत असेल तर तिथं एकत्र प्रार्थनेला बसायची सक्ती स्वतःवर करू नका, आधी सुरक्षित ठिकाणी जा.

तर ताई, ह्या आठवड्यात दोनच गोष्टी. माफी, आणि बँकेत जायचा दिवस ठरवणं. मिस्टरांनी अर्धी रजा टाकावी, तुम्ही पासबुक आणि स्लिपा आदल्या रात्रीच पिशवीत भरून ठेवा. जाताना जिन्यात हात धरून एकदा "प्रभू, बरोबर चल" म्हणा, ते लाजले तर तुम्ही एकटीनं मनात म्हणा. आणि संध्याकाळी घरी आलात की जे झालं ते तसंच देवाला सांगा, मॅनेजर भेटले नाहीत, पुढच्या मंगळवारी बोलावलंय, असं असेल तर असंच.